वर्दी उतरल्यावरची नोकरी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात ओघाओघात चार ओळी लिहिल्या होत्या की कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात फौजेतून रिटायर झाल्यावर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या चार ओळींवर पत्रं आली आणि अजून येतायत, म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेतो, राग मानू नका.

काका, मी दोन वर्षं पुण्यात राहून एमपीएससी करतोय. फौजी माणूस एमपीएससीचा अध्यक्ष कसा काय झाला? त्यांनी तर आमच्यासारखी परीक्षा पण दिली नसणार. आणि ते मराठा रेजिमेंटचे होते का? – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

आधी शेवटचं सांगतो कारण हा गैरसमज फार आहे. नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचे नव्हते. ते पंजाब रेजिमेंटचे. जन्म १९०६ चा, वडगावचा, त्या वेळच्या कोल्हापूर संस्थानातला. शिकले इंग्लंडात सँडहर्स्टला आणि १९२६ ला कमिशन मिळालं. त्या काळात हिंदी माणसाला सैन्यात अधिकारी करायचं हेच इंग्रजांना जड जात होतं, म्हणून त्यांनी आठ पलटणी बाजूला काढल्या होत्या की यांच्यातच हिंदी अधिकारी घालायचे, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी माणसाच्या हाताखाली काम करायची वेळ यायला नको. १/१४ पंजाब ही त्यातलीच एक, आणि थोरात तिथे होते. म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तुझ्याकडे बघणारी माणसं ठरवून बसलेली की याला जमणार नाही.

मग दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेश, आराकानचा किनारा. जानेवारी १९४५ च्या शेवटी कांगॉची लढाई झाली. खारफुटी, भरतीओहोटीच्या खाड्या, गुडघाभर चिखल, वर टेकड्या आणि टेकड्यांवर खंदक खणून बसलेले जपानी. आपल्या ५१ व्या ब्रिगेडमधे तीन पलटणी होत्या आणि तिन्हींचे कमांडर हिंदी, थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. थोरातांच्या २/२ पंजाबने मेलरोज नाव दिलेली टेकडी चढून घेतली, माणसं खूप गेली. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. हे तिघे लक्षात ठेव, खाली परत येणारेत.

आता तुझा खरा प्रश्न. आयोगाचा अध्यक्ष परीक्षा देऊन होत नाही रे. घटनेचं ३१६ वं कलम काढून बघ, तुला तसंही पाठ करायचंच आहे. राज्याच्या आयोगावर नेमणूक राज्यपाल करतात, सहा वर्षं किंवा वयाची मर्यादा, जे आधी येईल ते. आज ती मर्यादा ६२ आहे, थोरातांच्या वेळी ६० होती, १९७६ च्या ४१ व्या दुरुस्तीने वाढली. ते १९०६ चे म्हणजे हिशोब सोपा आहे, १९६६ च्या पुढे ती खुर्ची त्यांच्याकडे राहूच शकत नव्हती.

आणि ३१७, ३१९ पण वाच, नुसतं पाठ करू नको. राज्यपाल नेमतात पण काढू शकत नाहीत, काढायचं तर राष्ट्रपती आणि गैरवर्तनाचा आरोप असेल तर आधी सुप्रीम कोर्टाची चौकशी. आणि खुर्ची सोडल्यावर त्या माणसाला दुसऱ्या राज्याच्या आयोगाचं अध्यक्षपद किंवा यूपीएससीवर जागा एवढंच घेता येतं, बाकी कुठलीही सरकारी नोकरी नाही. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांनी असं बघितलं की या माणसाला भीती पण नको आणि लालूच पण नको, समोर बसलेलं पोरगं कोणाचं आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नको. मला विचारशील तर अशा खुर्चीसाठी थोरातांची तयारी परीक्षेच्या हॉलमधे झालीच नाही, ती झाली कोरियात. कशी ते पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे.

कोरियात भारतीय फौज लढायला गेली होती का? आमच्या वाडीतले एक आजोबा म्हणायचे मी कोरियाला होतो, पण लढलो नाही, राखण केली. आम्हाला पोरांना ते खरं वाटायचं नाही. – एक वाचक, ता. कागल

आजोबा शंभर टक्के खरं बोलत होते आणि तुम्ही त्यांचं ऐकून घ्यायला पाहिजे होतं. ते राखण म्हणाले तोच बरोबर शब्द आहे.

झालं असं की १९५३ च्या जुलैमधे कोरियाचं युद्ध थांबलं, पण कैद्यांवर गाडं अडलं होतं. अमेरिकेच्या बाजूने पकडलेले २२ हजारांच्या वर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणत होते आम्हाला परत मायदेशी जायचं नाही. चीन म्हणे तुम्ही त्यांना धमकावून ठेवलंय. दुसऱ्या बाजूला पण ३५९ कैदी होते, त्यात काही अमेरिकन, तेही म्हणे आम्ही घरी जाणार नाही. मग दोघांनी मान्य केलं की कोणीतरी तिऱ्हाइताने या सगळ्यांना ताब्यात घ्यावं, ठरलेल्या मुदतीत त्यांच्या देशाच्या माणसांना त्यांना समजावू द्यावं आणि मग प्रत्येकाने आपापलं ठरवावं. पाच देशांचं कमिशन झालं, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्ष भारत. कमिशनच्या खुर्चीत थिमय्या आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या फौजेचे कमांडर थोरात. कांगॉचे तिघांतले दोघे बघा, आठ वर्षांनी कुठे भेटले.

आपले साधारण सहा हजार जवान गेले. आणि जाताना काय, तर दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री म्हणाले भारतीय सैनिकाचं पाऊल माझ्या जमिनीवर पडू देणार नाही. मग इंचॉनच्या बंदरात बोटीवरून थेट हेलिकॉप्टरमधे आणि हेलिकॉप्टरमधून थेट दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात. आपला तळ तिथेच पडला, त्याचं नाव ठेवलं हिंद नगर. पहिल्याच दिवशी असं स्वागत, की यजमान तुम्हाला अंगणात पण पाय टेकू देत नाही.

काटेरी तारांची कुंपणं, एकेका कुंपणात पाचशेच्या आसपास कैदी आणि आत त्यांचे त्यांचे म्होरके. ज्याला खरंच घरी जायचंय त्याला आतल्या आत मारहाण व्हायची, म्हणजे तो तोंड उघडणार कधी? त्यातले बरेच कैदी भारतालाच शत्रू समजत होते, शिव्या, दगड, घोषणा रोजचंच. चीनकडचे म्हणत भारत अमेरिकेचं ऐकतो, अमेरिकेकडचे म्हणत भारत चीनचं ऐकतो. माझा अनुभव असा आहे की दोन्ही बाजू शिव्या देतात तेव्हा मधला माणूस बहुतेक वेळा बरोबर चाललेला असतो.

सप्टेंबरमधे कैद्यांनी आपल्या एका मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेलं. आता विचार करा, हातात फौज आहे, बंदुका आहेत, हुकूम दिला तर पाच मिनिटांचं काम, पण मग मेजर पण गेला आणि कैदी पण गेले आणि आपण तिथे कशासाठी आलो तेच बुडालं. थोरात स्वतः आत गेले, त्या चवताळलेल्या कैद्यांच्या गराड्यात उभं राहून आवाज न चढवता बोलले आणि मेजरला सोडवून बाहेर आणलं. मेलरोज चढून गेलेला माणूस हा, त्याला गोळीची भीती नव्हती हे सांगायला नको, पण इथे गोळी न चालवायला जी छाती लागली ती मला टेकडीपेक्षा मोठी वाटते.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैद्यांनी कुंपणं तोडायचा प्रयत्न केला, आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली, काही कैदी मेले. ते लपवायचं कारण नाही.

शेवटी जानेवारी १९५४ ला मुदत संपली. समजावण्याचं काम अर्धवटच राहिलं, त्यासाठी उभारलेल्या तंबूत कैदी यायलाच तयार नसत. २२ हजारांतले सहाशेच्या थोडे वर मायदेशी गेले. दुसऱ्या बाजूचे २१ अमेरिकन आणि एक ब्रिटिश चीनकडेच राहिले. बाकीचे ज्यांनी पकडले होते त्यांच्या ताब्यात परत. आणि ८८ जण असे निघाले की त्यांना ना इकडे जायचं ना तिकडे, ते आपल्या फौजेबरोबर बोटीने भारतात आले. त्यातले बरेच पुढे ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. ज्या २२ हजारांनी दगड मारले त्यांच्यातलेच काही जण शेवटी राखणदाराच्या मागे चालत आले, मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

या कामासाठी थोरातांना अशोक चक्र, वर्ग दोन मिळालं, आज त्यालाच कीर्ती चक्र म्हणतात. तुमच्या वाडीतले आजोबा त्यातलेच एक. त्यांचं डिस्चार्ज बुक, फोटो, काही घरात असेल तर ते माळ्यावरून काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडं ठेवा, एवढं कराच.

थोरात लष्करप्रमुख व्हायला पाहिजे होते असं वडील सांगतात. खरं का? – एक वाचक, इचलकरंजी

खरं. थिमय्या तेव्हा लष्करप्रमुख होते, १९६१ च्या मे महिन्यात ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची शिफारस थोरातांसाठी होती. सरकारने जनरल थापर यांना केलं, थोरात निवृत्त झाले.

पण त्याहून वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते पूर्व विभागाचे प्रमुख होते, मुख्यालय लखनौला. ऑक्टोबर १९५९ मधे त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या संरक्षणावर एक टिपण वर पाठवलं. त्यात सरळ लिहिलं होतं की सीमेवर जागोजागी दहावीस माणसांच्या चौक्या ठेवून चीन अडणार नाही, त्यांना रसद पोचत नाही, खरी लढाई मागे अशा जागी द्या जिथे आपला रस्ता जवळ आणि त्यांचा लांब. मग मार्च १९६० ला लखनौमधे त्यांनी लाल किला नावाचा युद्धसराव घेतला आणि हेच नकाशावर मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. ऑक्टोबर १९६२ ला काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहिती आहे. आणि तेव्हा लखनौला त्या खुर्चीत कोण होतं, तर एल. पी. सेन, कांगॉचा तिसरा.

मला हे लिहिताना अजून त्रास होतो. माणूस लढाईच्या तीन वर्षं आधी कागदावर लिहून देतो आणि तो कागद फाइलमधे पडून राहतो. युद्ध झाल्यावर सरकारने थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं, ते गेलेही, मी आधीच सांगितलं होतं म्हणून रुसून बसले नाहीत. कोल्हापूरची दोन माणसं भांडली की तीन पिढ्या बोलत नाहीत, त्या मातीतला माणूस हा.

गोव्यात पण लष्करी माणसानेच कारभार सुरू केला होता ना? – कॉलेजची विद्यार्थिनी, फोंडा

हो गं, मेजर जनरल के. पी. कँडेथ. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, सतराव्या डिव्हिजनचे कमांडर तेच होते आणि मग जून १९६२ पर्यंत लष्करी गव्हर्नर पण तेच. सहा महिनेच, पण नुसता विचार कर, साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज दप्तरं, कायदा वेगळा, चलन वेगळं, भाषा वेगळी. यावर एकदा सविस्तर लिहायला पाहिजे, आज जागा नाही.

काका, नाव छापू नका. माझे मिस्टर २४ वर्षं फौजेत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले, कारगिलच्या वेळी द्रासला होते. दोन वर्षं झाली माजी सैनिकांच्या जागेवर एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहेत. रोज घरी येऊन चिडचिड करतात. लोक वेळेवर येत नाहीत, खेड्यातून आलेल्या माणसाला उद्या या म्हणतात, यांनी काम करून दिलं की बाकीचे हसतात, फौजी म्हणून टोमणे मारतात. आता म्हणतात राजीनामा देतो आणि दुसरीकडे फॉर्म भरतो. दोन मुली शिकतायत. काय करू? – एक भगिनी, ता. कऱ्हाड

वहिनी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी व्यवहाराचं बोलू आणि मग मनाचं.

राजीनामा लिहायच्या आधी त्यांना एक गोष्ट नीट समजू द्या. माजी सैनिकांसाठी राज्यात गट क आणि ड मधे १५ टक्के जागा असतात, केंद्रात क गटाला १० आणि ड गटाला २० टक्के. पण केंद्राचा नियम असा आहे की या आरक्षणातून एकदा नागरी नोकरीत रुजू झालं की पुढच्या भरतीला माजी सैनिक म्हणून ते आरक्षण पुन्हा मिळत नाही. फक्त रुजू होतानाच आधी कुठे कुठे फॉर्म भरलेत त्याची यादी लिहून दिली असेल तर त्या ठिकाणांपुरतं चालतं. म्हणजे आज रागात सोडली तर दुसरीकडे रांगेत सगळ्यांच्या मागे उभं राहावं लागेल. राज्याच्या भरतीत त्यांच्या केसला नेमकं काय लागू होतं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तुम्ही पण सोबत जा, ते एकटे गेले तर चिडून परत येतील.

आता मनाचं. माझा मामा फौजेत होता, १९६५ च्या लढाईत पोटरीत छर्रा लागला तो शेवटपर्यंत आत होता, थंडीत पाय चोळत बसायचा. पेन्शनवर आल्यावर तो पाटबंधाऱ्यात पाटकरी म्हणून लागला. तुमच्याकडे कालवा असेल तर तुम्हाला माहीतच असेल पाटकरी म्हणजे काय ते, सायकल, खांद्याला टॉर्च, हातात दार उघडायची चावी आणि वही. ज्याने पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरलाय त्याला शेजपाळीने पाणी द्यायचं, आधी शेपटाकडच्या रानाला आणि मग वर वर येत तोंडाकडच्या रानाला. नियम असा असतो. होतं काय, तर तोंडाशी ज्याचा ऊस त्याचं वजन जास्त आणि शेपटाला पाणी पोचेस्तोवर पाळी संपते.

मामा पण पहिल्या वर्षी असाच आगपाखड करायचा. मामी सांगायची की रात्री झोपेत हुकूम सोडतो. एका मोठ्या बागायतदाराने रात्रीतून दार उघडलं म्हणून मामा काठी घेऊन त्याच्या अंगावर गेला, तक्रार झाली, मामाचीच चौकशी लागली. त्यानंतर तो बदलला. गप्प नाही बसला, बदलला. त्याने एक वही केली. रोज कुठल्या चारीचं दार किती वाजता उघडलं, किती वाजता बंद केलं, कोणाचं किती रान भिजलं, सगळं त्याच्या त्या मोठ्या मोठ्या अक्षरात, आणि खाली ज्या शेतकऱ्याला पाणी मिळालं त्याची सही, नसेल येत तर अंगठा. स्टॅम्पपॅड खिशात घेऊन फिरायचा, शर्टाचे सगळे खिसे निळे, मामी ओरडायची. कोणी भांडायला आला की मामा काही बोलायचाच नाही, वही उघडून पुढे करायचा. दोन वर्षांनी शेपटाकडचे लोक दुसऱ्या कोणाला विचारायचेच नाहीत, म्हणायचे फौजीच्या वहीत बघा. तुमच्या मिस्टरांना टोमणा म्हणून जो शब्द ऐकावा लागतो ना, तोच शब्द.

मी हे सांगतोय कारण फौजेत हुकूम दिला की काम होतं आणि ऑफिसात हुकूम चालत नाही, कागद चालतो. हे कळेपर्यंतचा काळ सगळ्यांनाच जड जातो, तुमचे मिस्टर एकटे नाहीत. थोरातांनी कोरियात काठी बाजूला ठेवली तेव्हा त्यांच्याकडे सहा हजार माणसं होती, माझ्या मामाकडे एक स्टॅम्पपॅड होतं.

त्यांना सांगा, दुसरे वेळेवर येत नाहीत ते सोडून द्या, ते त्यांच्या साहेबाचं काम. आपल्या टेबलावर आलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख आणि नंबर एका वहीत घाला, अर्जदाराला त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, आणि निकाल लागला की तारीख टाका. लोकांना कोणाचे पाय धरायचे नसतात हो, आपला कागद कुठे आहे एवढंच कळायला हवं असतं. सहा महिने करून बघा म्हणावं. हसणारे महिनाभर हसतील.

आणि रात्रीची झोप लागत नसेल, दचकून उठत असतील, दारू वाढली असेल तर ते मात्र वहीने जाणार नाही. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत पण मी विचारतोय. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे, त्यांचं कार्ड असेलच, जवळच्या पॉलिक्लिनिकमधे जाऊन डॉक्टरांशी बोला, ते मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर करून देतात. यात कमीपणा काही नाही, माझ्या मामाला कोणी हे सांगितलं असतं तर मामीच्या कितीतरी रात्री बऱ्या गेल्या असत्या.

राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला असेल तर तो तुमच्याकडे घेऊन ठेवा. मुलींच्या परीक्षा झाल्या की मला परत पत्र टाका, काय झालं ते कळवा, पुढच्या वेळी सुद्धा नाव छापणार नाही.